अमेरिकेतल्या रीजनल एअरलाईनचं कॉन्ट्रॅक्ट कसं वाचायचं, आणि त्यावरून तिच्या विमानांचं पुढे काय होणार हे कसं ओळखायचं

अमेरिकेत एखाद्या लहान शहराला जायचं तिकीट युनायटेड, डेल्टा किंवा अमेरिकनवर काढलं तर जे विमान समोर येतं ते बऱ्याचदा त्या कंपनीचं नसतंच. रंग त्यांचा, लोगो त्यांचा, फ्लाईट नंबर त्यांचा, पण आत शिरताना पुढच्या दाराच्या आसपास नजर टाकली तर बारीक अक्षरात ऑपरेटेड बाय स्कायवेस्ट, ऑपरेटेड बाय रिपब्लिक, ऑपरेटेड बाय एन्डेव्हर असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. ही बारीक अक्षरातली कंपनी म्हणजे रीजनल एअरलाईन. पायलट तिचे, केबिन क्रू तिचा, मेन्टेनन्स तिचा, आणि तरीही पुढच्या वर्षी तिच्याकडे किती विमानं असतील, कुठली असतील, त्यात किती सीट असतील हे मोठ्या प्रमाणात दुसरेच ठरवतात. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणं म्हणतात ना, अगदी तसा हा धंदा आहे.

हे लिहितोय ते मुख्यतः अशा पोरापोरींसाठी जे तिकडे फ्लाईंग शिकून तास पूर्ण करतायत आणि आता कुठल्या रीजनलला अर्ज करू म्हणून विचारतायत. जॉईनिंग बोनस किती, बेस कुठला, एवढंच बघून सही करतात, आणि दोन वर्षांत कंपनीच बंद पडली की सिनिऑरिटी शून्यावर, दुसरीकडे जाऊन लिस्टच्या तळापासून सुरुवात, मग तुम्ही आधीच्या ठिकाणी पंधरा वर्षं कॅप्टन असलात तरी. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा लक्षणं आधीपासून कागदावर असतात. शेअर घेणाऱ्यांना आणि विमानांची आवड असणाऱ्यांनाही हेच कागद उपयोगी पडतील.

आधी पैसे कसे मिळतात ते बघा

कॉन्ट्रॅक्ट मुळात दोन प्रकारचं असतं. पहिलं कपॅसिटी परचेस ॲग्रीमेंट, ज्याला सगळे सीपीए म्हणतात. यात मेजर एअरलाईन, म्हणजे युनायटेड, डेल्टा, अमेरिकनसारखी मोठी कंपनी, रीजनलकडून उडण्याची क्षमताच विकत घेते, म्हणजे तिकिटं विकणार मेजर, भाडं ठरवणार मेजर, टाईमटेबल मेजरचं, तिकिटाचे पैसेही मेजरचे. रीजनलला मिळतं काय, तर दर महिन्याला प्रत्येक विमानामागे एक ठरलेली रक्कम, वर प्रत्येक ब्लॉक अवरचे पैसे (गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ तो ब्लॉक), आणि प्रत्येक डिपार्चरचे पैसे. इंधनाचा खर्च मेजर उचलते, विमान वेळेवर गेलं, फ्लाईट कॅन्सल झाली नाही तर वर थोडा इन्सेन्टिव्ह, उलट झालं तर कापाकापी. ऑफिसच्या स्टाफला आणणारी बस असते ना, बसवर नाव ऑफिसचं पण बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, डोळ्यासमोर ते आणा.

दुसरं प्रोरेट ॲग्रीमेंट. यात तिकिटाच्या पैशात वाटणी होते आणि खर्च, इंधनासकट, रीजनलच्या डोक्यावर. धोका जास्त, पण रूट निवडायचं स्वातंत्र्यही थोडं जास्त. स्कायवेस्टकडे दोन्ही प्रकार आहेत, पण त्यांचाही मोठा हिस्सा सीपीएचाच.

सीपीए ऐकायला फार सुरक्षित वाटतं, विमान रिकामं गेलं तरी पैसे येणार. पण खचाखच भरून गेलं तरी एक डॉलर जास्त येत नाही हे विसरू नका. मग नफा येतो कुठून, तर फक्त खर्च कमी ठेवून आणि विमानं भरपूर तास उडवून. म्हणून कागद हातात आला की पहिला प्रश्न हा विचारायचा की किमान किती तास किंवा किती विमानं उडवून घ्यायची मेजरवर सक्ती आहे का, आणि पायलट कमी पडले म्हणून रीजनलनेच तास कमी केले तर विमानाचे हप्ते, हँगरचं भाडं, ट्रेनिंग हा सगळा फिक्स्ड खर्च कोण भरणार. पाणी इथेच मुरतं.

मग या मेजरच्या जोखडातून सुटून स्वतःच्या नावाने का नाही उडत, असं सगळ्यांच्या मनात येतं. केलंय एकाने. अटलांटिक कोस्ट एअरलाईन्स ही युनायटेड एक्सप्रेस म्हणून उडायची, २००४ मध्ये ती बाहेर पडली, इंडिपेंडन्स एअर नाव घेतलं आणि वॉशिंग्टनच्या डलेस एअरपोर्टवरून स्वस्त तिकिटं सुरू केली. विमानं मात्र मुख्यतः तीच, बम्बार्डियरची ५० सीटची छोटी जेट, सीआरजे. मेजरला इंधन भरायला लावून आणि लांबच्या फ्लाईटला कनेक्टिंग पॅसेंजर पुरवून जे विमान परवडतं तेच विमान एकट्याच्या जिवावर, महागत चाललेल्या तेलात आणि त्याच एअरपोर्टवर बसलेल्या युनायटेडशी भाड्यात टक्कर घेऊन चालवायचं म्हणजे अशक्यच होतं. नोव्हेंबर २००५ मध्ये दिवाळखोरी, ५ जानेवारी २००६ ला शेवटचं उड्डाण. मला वाटतं या एका उदाहरणात रीजनलच्या ताफ्याचं सगळं दुखणं दिसतं, ती विमानं घेतलेलीच असतात मेजरच्या नेटवर्कसाठी, त्याच्याबाहेर त्यांचा हिशोब बसत नाही.

मग विमान कुणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत आहे ते शोधा

शेअर बाजारात लिस्टेड कंपनी असेल तर तिचा वार्षिक रिपोर्ट, टेन-के म्हणतात तो, अमेरिकेच्या एसईसीच्या (तिकडची सेबी) एडगर साईटवर फुकट मिळतो. शंभरेक पानं बघून घाबरू नका, सगळा वाचायचा नाहीये. त्यात एक टेबल शोधा ज्यात कुठल्या मेजरसाठी, कुठल्या प्रकारची, किती विमानं आणि कॉन्ट्रॅक्ट कुठल्या वर्षी संपतंय हे लिहिलेलं असतं. मी तर ते टेबल वहीत उतरवून घेतो, डावीकडे वर्ष, उजवीकडे त्या वर्षी सुटणारी विमानं, आणि एखाद्या वर्षासमोर मोठा आकडा आला की त्याच्याखाली लाल रेघ. ज्या वर्षाखाली रेघ आहे त्याच्या दीड-दोन वर्षं आधीपासून बातम्यांवर नजर ठेवायची.

कंपनी खाजगी असेल तर तिचा टेन-के मिळणार नाही. तेव्हा उलट बाजूने जा, मेजरचा टेन-के काढा. अमेरिकन आणि युनायटेड दोघंही आपल्या रिपोर्टमध्ये रीजनल ताफ्याचं टेबल देतात, कुठली रीजनल किती आणि कुठली विमानं उडवते, त्यातली मेजरच्या मालकीची किती आणि रीजनलची स्वतःची किती. ही युक्ती फार कमी लोक वापरतात. एखाद्या ठराविक विमानाचं बघायचं असेल तर त्याच्या शेपटाजवळचा एन-नंबर (विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर) एफएएच्या, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या, रजिस्ट्रीत टाका, मालक दिसतो, कधी कधी तिथे ट्रस्टी बँकेचं नाव असतं तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका.

मालकी एवढी महत्त्वाची का, तर कम्पसचं बघा. कम्पस ही रीजनल २००६ मध्ये नॉर्थवेस्ट या तेव्हाच्या मेजरने उभी केली, आणि त्यासाठी ऑपरेटिंग सर्टिफिकेट घेतलं ते नुकत्याच बंद पडलेल्या त्याच इंडिपेंडन्स एअरचं. पुढे डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्या, २०१० मध्ये डेल्टाने कम्पस ट्रान्स स्टेट्स होल्डिंग्जला विकली, आणि कम्पस डेल्टा आणि अमेरिकन दोघांसाठी ई-१७५ उडवायला लागली. एम्ब्राएरचं ई-१७५ म्हणजे रीजनलमधलं सगळ्यात हवंहवंसं विमान, नवं, दोन क्लासचं, कुठल्याही मेजरला पाहिजे असं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार यांना काय धोका. पण डेल्टाने आपली ई-१७५ स्कायवेस्ट आणि रिपब्लिककडे एकवटायचं ठरवलं, अमेरिकनने आपली स्वतःच्याच मालकीच्या एन्व्हॉयकडे वळवायचं ठरवलं, आणि कोव्हिडने उरलासुरला वेळही खाल्ला. ७ एप्रिल २०२० ला कम्पस बंद. विमानं मात्र दुसऱ्यांचा क्रू घेऊन उडतच राहिली. चांगलं विमान असणं आणि ते विमान तुमचं असणं यातला फरक तिथल्या लोकांना फार महागात कळला.

त्याच वर्षी एक्सप्रेसजेटचंही तेच झालं. युनायटेडला ५० सीटची ईआरजे-१४५ उडवायला दोनऐवजी एकच कंपनी ठेवायची होती, निवड कम्यूटएअरची झाली, आणि ३० सप्टेंबर २०२० ला एक्सप्रेसजेटचं युनायटेडसाठी उडणं संपलं. युनायटेडचा एक्सप्रेसजेटमध्ये मालकी हिस्सा होता तरीसुद्धा. त्यामुळे मेजरचे पैसे गुंतलेत म्हणजे सेफ, हा समज काढून टाका. कोमएअर तर डेल्टाच्या पूर्ण मालकीची होती, सप्टेंबर २०१२ मध्ये डेल्टाने ती बंद केलीच.

आता स्कोप क्लॉज, हा भाग सावकाश वाचा

ताफा का असा दिसतो याचं खरं उत्तर इथे आहे आणि ते रीजनलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नाहीच, ते मेजर आणि मेजरचे पायलट यांच्यातल्या करारात आहे. मेजरच्या पायलटांची भीती साधी आणि माझ्या मते रास्त आहे, कंपनी आपली कामं कमी पगाराच्या रीजनलला देत देत आपल्यालाच संपवेल. म्हणून त्यांची युनियन करारात लिहून घेते की बाहेरच्यांना किती सीटपर्यंतची, किती वजनापर्यंतची आणि किती विमानं उडवायला देता येतील. हा स्कोप क्लॉज.

आज तिन्ही मोठ्या मेजरमध्ये वरची मर्यादा ७६ सीट आणि ८६,००० पाउंड कमाल टेकऑफ वजन, म्हणजे साधारण ३९ टन. त्याच्यावर संख्येची मर्यादा वेगळी. डेल्टाच्या २०१२ च्या करारात ७० आणि ७६ सीटवाल्या जेटची मर्यादा ३२५ झाली आणि बदल्यात ५० सीटवाली १२५ पर्यंत खाली आणायची होती, शिवाय डेल्टाने स्वतःच्या पायलटांसाठी बोईंग ७१७ आणली. युनायटेडकडे मोठ्या रीजनल जेटची मर्यादा २५५, त्यातली ७६ सीटची फक्त १५३. अमेरिकनचं गणित टक्केवारीचं आहे, मेनलाईनच्या, म्हणजे मेजर स्वतः उडवते त्या, नॅरोबॉडी (मध्ये एकच वाट असलेल्या) विमानांच्या प्रमाणात.

हे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही, यांच्यामुळे खरीखुरी विमानं कशी कापली जातात ते बघा. ई-१७५ मध्ये ७६ सीट आरामात बसतात, पण युनायटेडचा ७६ वाला कोटा भरला की तेच विमान सहा सीट काढून ७० चं म्हणून उडवतात. बांधणी तीच, इंजिनं तीच. त्याच्याही पुढचा प्रकार सीआरजे-५५०. २०१९ मध्ये युनायटेडने जाहीर केलं, मूळचं सीआरजे-७०० घ्यायचं, त्यात फक्त ५० सीट ठेवायच्या, त्यातल्या १० फर्स्ट क्लास, मोकळ्या जागेत सामानाची कपाटं आणि स्नॅक्सचा काउंटर, आणि कमाल वजनसुद्धा कागदावर कमी करून घ्यायचं, म्हणजे ते ५० सीटच्या कोट्यात बसतं. पॅसेंजरला फार आवडतं ते विमान, आणि जन्माला आलं एका कलमामुळे. जुना खेळ आहे हा, जेव्हा मर्यादा आणखी खाली होती तेव्हा ५० सीटच्या विमानांची ४४ सीटची भावंडं निघाली होती, एम्ब्राएरचं ईआरजे-१४० आणि बम्बार्डियरचं सीआरजे-४४०.

आणि जे विमान बसलं नाही त्याचं काय होतं ते तर फार वाईट. एम्ब्राएरने ई-१७५ ची नवी आवृत्ती काढली, ई-१७५-ई२, नवीन इंजिन, इंधन कमी खाणारं, डिसेंबर २०१९ मध्ये उडालंसुद्धा. पण नवीन इंजिन जड, पंख मोठे, वजन गेलं ४४ टनांवर. अमेरिकेत स्कोप ढिला होईल या आशेवर होते, तो झाला नाही, २०२२ मध्ये काम थांबवलं. मित्सुबिशीचं स्पेसजेट याच बाजारासाठी होतं, त्याला सर्टिफिकेशनची लांबण आणि खर्च अशी इतरही दुखणी होती, पण मूळ मॉडेल स्कोपच्या वजनात बसत नसल्यामुळे छोटं मॉडेल नव्याने आखायची वेळ आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रोग्रामच रद्द. सीआरजेचं उत्पादन २०२१ च्या सुरुवातीला संपलंय. म्हणजे आज अमेरिकेतल्या रीजनलला नवं ७६ सीटचं जेट पाहिजे असेल तर दुकानात एकच वस्तू आहे, जुन्या इंजिनाचं ई-१७५. स्कायवेस्टने २०२५ च्या पॅरिस एअर शोमध्ये आणखी ६० ई-१७५ ची ऑर्डर दिली ती यामुळेच.

तर करायचं काय, तुम्ही बघताय त्या रीजनलच्या मेजरचा पायलट करार कधी अमेंडेबल होतोय ती तारीख काढा. तिकडे करार संपत नाहीत, अमेंडेबल होतात, म्हणजे त्या तारखेनंतर नव्याने वाटाघाटी सुरू. त्या काळात स्कोप घट्ट झाला तर रीजनलची वाढ थांबते, सैल झाला तर विमानांची ऑर्डर निघते. गेल्या काही वर्षांत सैल झालेला नाही, आणि पुढे होईल असं गृहीत धरून कुणी स्वप्नं दाखवत असेल तर मी त्यावर करिअर लावणार नाही.

५० सीटवाल्या जेटबद्दल थोडं वेगळं

सीआरजे-२०० मध्ये बसला असाल तर आठवेल, खिडकी इतकी खाली की बाहेर बघायला मान वाकवावी लागते, आणि केबिन बॅग वरच्या कप्प्यात जातच नाही, ती विमानाच्या दाराशी काढून घेतात आणि उतरल्यावर तिथेच उभं राहून परत घ्यायची. १९९० च्या दशकात ही जेट आली तेव्हा टर्बोप्रॉपच्या (पंख्याच्या विमानांच्या) मानाने स्वर्ग होती. तेल महागलं आणि पायलटचे पगार वाढले की तोच खर्च ५० जणांत वाटावा लागतो, ७६ जणांत नाही, म्हणून ती परवडेनाशी झाली. ताफ्यात फक्त हीच विमानं असलेली कंपनी दिसली की मी तरी दोनदा विचार करतो. एअर विस्कॉन्सिन घ्या, फक्त सीआरजे-२००. ती आधी अमेरिकनच्या बाजूला होती, मग युनायटेडकडे गेली, २०२३ मध्ये परत अमेरिकनकडे, आणि एप्रिल २०२५ मध्ये तेही कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मेजर पार्टनरच उरला नाही, मग चार्टर आणि सरकारी मदतीवरच्या छोट्या रूटकडे वळावं लागलं. एकच विमान, एकच पार्टनर, आणि विमानही असं जे सगळे कमी करतायत, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लाल रेघ दोनदा मारा.

पायलट आहेत का ते बघा

कॉन्ट्रॅक्ट चांगलं, विमानं चांगली, पण कॉकपिटमध्ये बसायला माणूस नसेल तर सगळं व्यर्थ. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या ३४०७ फ्लाईटचा अपघात झाला, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलासुद्धा (को-पायलट) साधारण १,५०० तास लागायला लागले (मिलिटरी आणि काही कॉलेज कोर्सवाल्यांना कमी). रिपब्लिककडे पायलट कमी पडले, विमानं उभी राहिली, ठरलेली उड्डाणं देता येईनात, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बाहेर आली २०१७ मध्ये, पण येताना ५० सीटची आणि टर्बोप्रॉप विमानं सोडून फक्त ई-१७० आणि ई-१७५ घेऊन आली. कॉन्ट्रॅक्टने ताफा कसा तासून काढला त्याचा हा नमुना, आणि आज ती मोठ्यांपैकी एक आहे, २०२५ मध्ये मेसा तिच्यात विलीन झाली. मेसाचंही आधी तेच झालं होतं, पायलटची टंचाई आणि अमेरिकनच्या कामात तोटा, २०२२ च्या शेवटी दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि मेसाची सगळी भिस्त युनायटेडवर आली.

२०२२ हे वर्ष तर रीजनलसाठी फार कठीण गेलं. मेजरने भरती उघडली आणि कॅप्टन रीजनल सोडून वर जायला लागले. अमेरिकनच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए यांनी जूनमध्ये पगार एकदम वाढवले, नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलरपर्यंत. स्कायवेस्टने मार्चमध्ये सरकारी मदतीच्या २९ शहरांची सेवा सोडायची नोटीस दिली. अमेरिकनने टोलेडो, इथाका, आयस्लिप अशा ठिकाणांहून काढता पाय घेतला. त्या गावातल्या लोकांचा काय दोष, विमानं होती, पॅसेंजर होते, फक्त कॅप्टन नव्हता.

म्हणून फर्स्ट ऑफिसर किती घेतायत याच्या जाहिराती बघू नका, फर्स्ट ऑफिसरचा कॅप्टन अपग्रेड किती महिन्यांत होतोय आणि किती विमानं पार्क करून ठेवलीत ते विचारा. पार्क केलेल्या विमानांचा आकडा टेन-केमध्ये किंवा तिमाही निकालाच्या कॉलमध्ये मिळतो. विमानं पार्क आहेत पण पार्टनर धीर धरून आहेत, ही एक परिस्थिती, आणि विमानं पार्क आहेत म्हणून पार्टनर ती दुसऱ्याला देतोय, ही वेगळी. दुसरी दिसली की पळा.

इंटरव्ह्यूला जाणार असाल तर

शेवटी ते विचारतातच की तुमचे काही प्रश्न आहेत का. बहुतेक जण युनिफॉर्म आणि बेसबद्दल विचारून गप्प बसतात. तुम्ही हे विचारा. तुमच्या विमानांपैकी किती मेजरच्या मालकीची आहेत. सगळ्यात आधी संपणारं कॉन्ट्रॅक्ट कुठलं आणि त्यात किती टेल, म्हणजे विमानं, आहेत. कोणी रागावणार नाही, उलट समोरचा कॅप्टन बऱ्याचदा खुर्चीत सरसावून बसतो, कारण हा प्रश्न त्याला स्वतःलाही पडलेला असतो. मेजरकडे जायचा फ्लो ॲग्रीमेंट (रीजनलच्या पायलटना पुढे मेजरमध्ये घ्यायचा करार) असेल तर तो गॅरंटी आहे की नुसती मुलाखतीची हमी, हे लेखी मागा. आणि एका मेजरवर अवलंबून असाल तर तो मेजर पुढच्या वर्षी त्याच रूटवर स्वतःची मोठी विमानं आणतोय का ते त्याच्याच टेन-केमध्ये बघून जा, नवीन ए२२० किंवा तशी छोटी मेनलाईन विमानं वाढतायत तिथे रीजनलचे रूट हळूहळू कमी होऊ शकतात.

टेन-के वर्षातून एकदा येतो, स्कायवेस्टसारख्यांचा साधारण फेब्रुवारीत. वहीतलं ते टेबल तेव्हा पुन्हा काढा आणि मागच्या वर्षीच्या शेजारी नवीन आकडे लिहा, कुठलं वर्ष पुढे सरकलं आणि कुठलं सरकलं नाही ते बघा. जे सरकायला हवं होतं आणि सरकलं नाही, त्याच्याबद्दल पुढच्या तिमाहीच्या कॉलमध्ये काय बोलतात ते कान देऊन ऐका.